ओढ्याकडून सुरू झालेलं गटार

भानुदासराव लोणकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नोकरीचा पहिला दिवस म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून मी नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात शिरलो, तर हे गृहस्थ भिंतीवरच्या नकाशाला नाक लावून उभे. न वळताच त्यांनी विचारलं, “कुठलं गाव?”

“सुपं.”

“म्हंजी कोरडवाहू. मग तुला पाण्याचं येगळं सांगाया नको. चल, जागा बघून येऊ. फाईल काय, आल्यावर वाचू.”

त्या दिवशी माझा इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला आणि मला गुरू मिळाले. सगळं ऑफिस त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणू लागलो. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या या छोट्या गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि गावाची नाचक्की झालेली तात्यांना आवडत नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या अंकासाठी ‘आनंदाने चार शब्द लिहावेत’ असं सत्कार समितीचं पत्र आलं. चार शब्द लिहितो. आनंदाचं तेवढं जमेल असं वाटत नाही.

तात्यांचं काम काय होतं, ते आधी सांगायला हवं. गावात कुणी नवं घर बांधायला काढलं की नगरपालिका त्याच्याकडून विकास शुल्क घेते. घरं वाढली की पाणी, रस्ता, गटार यांवरचा ताण वाढतो, तेव्हा ज्यानं ताण वाढवला त्यानं त्याचा वाटा द्यावा, असा साधा हिशेब. बहुतेक ऑफिसांत हे शुल्क म्हणजे एक पावती असते. तात्यांच्या लेखी तो लोकांना दिलेला शब्द होता. या वसाहतीचा पैसा याच वसाहतीत लागला पाहिजे, हे ते इतक्यांदा बोलत की शिपाईसुद्धा त्यांची नक्कल करायचे.

कॅनॉलपलीकडची वसाहत बसत होती तेव्हाची गोष्ट. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, सगळे त्यांना आबा म्हणतात, शुल्काचा आकडा ऐकून टेबलावर हात आपटत म्हणाले, “त्या पल्याडच्या लोकांनी गुंठा गुंठा नोटरीवर घेतला, परवानगीबिगर घरं बांधली, एक रुपाया भरला न्हाय. आमीच तेवढं येडं का?”

तात्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. “आबा, तुमच्या मोरीचं पाणी कुठं जानार? शेजाऱ्याच्या दारात. त्याला वाट नको का? ह्या पैशाचं गटार तुमच्याच दारावरनं जाईल. माझा शब्द हाय.”

आबांनी पैसे भरले. त्यांच्यामागून सगळ्या वसाहतीनं भरले. लोकांनी पैसे भरले ते सरकारी पावतीवर नव्हे, तात्यांच्या तोंडाकडं बघून, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गटाराचं काम निघालं तेव्हा तात्यांनी ते ओढ्याच्या बाजूनं सुरू करायला लावलं. एक तर गटार खालून वर बांधत न्यायचं असतं, हे शास्त्र. दुसरं त्यांच्या रक्तातलं. त्यांचं घराणं अंथुर्ण्याकडचं, रान कॅनॉलच्या चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला. वरचे लोक भिजवून घेणार आणि खालच्यांना ओलावा मिळाला तर मिळाला, हे लहानपणापासून बघितलेलं. “काम टोकाकडनं सुरू करायचं,” ते म्हणत. “म्होरल्याला सगळेच देत्यात.” वसाहतीतला सगळ्यांत सखल, शेवटचा प्लॉट खपत नव्हता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून निवृत्तीच्या पैशातून तो त्यांनी स्वतः घेतला आणि घर बांधलं. अर्थात शुल्क भरून.

स्वभावाबद्दल एकच प्रसंग सांगतो. नवखा असताना एका इमारतीच्या बाजूची मोकळी जागा मी चुकीची मोजली. तक्रार झाली, मला नोटीस आली. नोकरी जाणार म्हणून मला जेवण जाईना. तात्यांनी खुलाशात लिहिलं, ‘सदर मोजणी माझ्या समक्ष व माझ्या सूचनेनुसार झाली आहे.’ मोजणीच्या दिवशी ते बारामतीला कोर्टाच्या कामाला गेले होते. तात्यांनी आयुष्यात कागदावर लिहिलेलं एवढंच खोटं मला माहीत आहे. त्यांची वर्षाची वेतनवाढ गेली. शालनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला घरी बोलावून जेवायला वाढलं.

आता माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं ते लिहितो. गौरवलेखात असलं लिहीत नाहीत, हे मला कळतं.

तात्या निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. गटार ओढ्यापासून वर येत येत मोठ्या रस्त्यापाशी पोचलं होतं. रस्त्याखालून पाइप घातला की पलीकडं वसाहत. शंभर पावलं राहिली होती. तेवढ्यात गावाला मोठं सभागृह हवं, असं वरच्यांना वाटू लागलं. वसाहतीच्या विकास शुल्काचा पैसा सभागृहाकडं ‘तात्पुरता’ वळवायचा, तशी शिफारस करणारी टिप्पणी फाईलवर लिहा, असं मला सांगण्यात आलं. सभागृह ही लोकांच्याच उपयोगाची गोष्ट, त्यामुळे नियमात बसत होतं. नसतं बसलं तरी मी बसवलं असतं, त्याचाच तर मला पगार मिळतो. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर फार तर बदली झाली असती. घराचा हप्ता, मुलीचं शिक्षण, अशी कारणं मी तेव्हा मनाशी मोजली आणि टिप्पणी लिहून दिली. आज ती कारणं मलाच पुरत नाहीत.

काम थांबल्यावर तात्या चौकशीला ऑफिसात आले. मी फाईल पुढं केली. त्यांनी ती उभ्यानंच शेवटपर्यंत वाचली.

“अक्षर तुझंच हाय.”

“व्हय, तात्या.”

“वाक्यं चांगली झाल्यात. कुठं बोट ठेवाया जागा न्हाय.”

मग चष्मा खिशात घालत त्यांनी विचारलं, “पोरीची परीक्षा कवा हाय?” आणि गेले. टिप्पणी लिहायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चारचौघांत शिवी घातली असती तर मी सुटलो असतो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सभागृह दिमाखात उभं आहे. ओढ्याकडचं गटार कोरडं ठणठणीत, त्यात बाभळी माजल्यात. नोटरीवर गुंठे घेतलेल्या त्या वस्तीला निवडणुकीच्या तोंडावर गटारही मिळालं आणि सिमेंटचा रस्ताही. आणि ज्यांनी पैसे भरले त्या वसाहतीचं सगळं सांडपाणी उतारानं येऊन तात्यांच्या दारात तुंबतं. त्यावर एक फळी टाकली आहे. गेल्या वर्षी शालनकाकू त्या फळीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायात बळ आलं नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. “आधी पाय धू, बादली भरून ठेवलीया,” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “मला काय पायजे बाबा? सांजचं दारात जरा उभं राहाया मिळालं तरी बास. पर दारात पाय ठेवाया जागा न्हाय.”

तात्या रोज सकाळी फावडं घेऊन निघतात आणि लोकांच्या दारासमोरचा गाळ ओढून पाण्याला वाट करून देतात. पंच्याहत्तराव्या वर्षी. एकदा आबा त्यांच्यावर रस्त्यातच कडाडले, “तुमच्या शब्दावर भरलं, तात्या! ती गुंठेवाली शहाणी निघाली.”

“व्हय, आबा. चुकलं माझं.”

“पैसं भराया लावलं ते?”

“ते न्हाय चुकलं. हुईल म्हनालो, ते चुकलं.”

आबा घरात गेले. तात्यांनी फावडं पुन्हा गाळात घातलं. आजही कुणी घर बांधायला निघालं आणि सल्ला मागायला आलं, तर तात्या सांगतात, शुल्क भरा. याला निष्ठा म्हणावं की हट्ट, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. आमच्यासारख्यांच्या भरवशावर ते असं सांगतात, हे बघून मात्र जीव तुटतो.

सत्कार त्याच सभागृहात आहे, गावात दुसरी मोठी जागा नाही. तात्या नकार देतील असं मला वाटलं होतं, थोडी आशाही होती. ते म्हणाले, “हॉलचा काय गुन्हा? आमच्याच पैशाचा हाय. वसाहतीतल्या लोकांस्नी पुढच्या खुर्च्या द्या, म्हंजी झालं.” काकू येणार नाहीत. फळी ओलांडणं त्यांना जमत नाही आणि खुर्चीतून उचलून नेलेलं त्यांना आवडत नाही.

गटार पुरं करावं म्हणून तात्या दरवर्षी अर्ज देतात. याही वर्षी दिला, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नसलेला. ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल’ हे उत्तर मीच लिहिलं आणि माझ्याच सहीनं त्यांच्या पत्त्यावर धाडलं.

तात्या, तुम्हाला आणि काकूंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हे मी मनापासून लिहितो आहे. पण उदंड म्हणजे किती वर्षं, ते गटाराच्या हिशेबानं मला विचारू नका. आणि निरोगी हा शब्द मी एकदा खोडून पुन्हा लिहिला आहे. तुमच्या दारातल्या पाण्यानं कुठं जायचं हे विचारणारा तुमचा अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे, आणि मी रोज दुपारी तो जरा बाजूला सारून तिथंच डबा उघडतो.