माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले माझे धाकटे बंधू

वैजनाथराव कोरे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या खुर्चीवर बसले होते. बीडला पोलीस मुख्यालयासमोर चाँदभाईंचे चहाचे हॉटेल होते. गावात नुकतीच केबल आली होती, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या दिसू लागल्या होत्या आणि चाँदभाईंनी हॉटेलात रंगीत टीव्ही बसवला होता. टीव्हीच्या अगदी समोरची, पाठ शाबूत असलेली एकमेव खुर्ची माझी, हे सगळ्या शिपायांना ठाऊक होते. परळीहून बदलून आलेल्या या गोऱ्यागोमट्या शिपायाला ते ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "ऊठ बे, जागा माझी हाय." ते उठले नाहीत. थोडे सरकले आणि म्हणाले, "ये की, दोघं बसू." संपादकांनी पहिल्या भेटीपासून सुरुवात करा असे सुचवले म्हणून ही आठवण दिली. तेव्हापासून आजपर्यंत वैजनाथराव माझ्याच जागेवर बसलेले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो.

त्या टीव्हीवर संध्याकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. कोवळ्या चेहऱ्याचे पोलीस दप्तर घेऊन शाळेत जातात, पोरांत पोर होऊन बसतात आणि शेवटी गुन्हेगार धरतात, अशी तिची गोष्ट. आम्हाला इंग्रजी येत नव्हते. वैजनाथराव मात्र बी. ए. होते. धर्मापुरीच्या किराणा दुकानदाराचे हे चिरंजीव प्रत्येक वाक्याचे मराठी करून सांगायचे आणि चाँदभाईसुद्धा गल्ला सोडून ऐकत उभे राहायचे. त्यातले निम्मे ते पदरचे घालत होते, हे मला फार उशिरा कळले. तोवर त्यांच्या विद्वत्तेचा मुख्यालयात बोलबाला झाला होता.

मी चकलांब्याचा. इंग्रजीत एकदा गचकून दुसऱ्या खेपेला दहावी झालो आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. मागे तीन बहिणी होत्या, म्हणून भरतीला उभा राहिलो. ती मालिका मी चोर-पोलिसांसाठी बघत नव्हतो. वर्ग, बाक, फळा, मधल्या सुट्टीतली दंगल, हे बघायला बसत होतो. अकरावीच्या वर्गात बसायचे राहून गेले ही गोष्ट मला सलत होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

ती मालिका आमचे साहेबही बंगल्यावर बघत असावेत, कारण एके सकाळी त्यांनी आम्हा तरुण शिपायांना रांगेत उभे केले. जिल्ह्यातल्या एका गावी (नाव लिहीत नाही, तिथली माणसे अजून ओळखीची आहेत) बोर्डाच्या परीक्षेत पास करून देण्याचा धंदा जोरात चालला होता. तक्रार द्यायला कुणी पुढे येत नव्हते. साहेबांना तिथल्या शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून बसवायला माणूस हवा होता. मी पाऊलभर पुढे झालो. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, मिशी काढतो," मी म्हणालो. साहेब म्हणाले, "मिशी काढलीस तरी मामाच दिसशील." सगळी रांग हसली. मग त्यांची नजर वैजनाथरावांवर गेली. पंचविशीला टेकलेला माणूस, पण गालावर लव फुटलेली नव्हती. पदवी घेतलेला माणूस पुन्हा अकरावीत निघाला आणि ज्याची अकरावी राहिली होती तो रांगेत उभा राहिला. हा न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

माझी अगदीच निराशा होऊ नये म्हणून की काय, साहेबांनी मला त्यांचा पालक केले. पाटोद्याकडचे दोघे भाऊ, आईवडील नाहीत, थोरला आडतीवर काम करून धाकट्याला शिकवतो, अशी आमची कहाणी ठरली. थोरला मी. वैजनाथराव माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. भाड्याच्या खोलीत पहाटे उठून मी भाकरी थापायचो, त्यांचा डबा भरायचो आणि ते दप्तर खांद्याला लावून निघायचे. संध्याकाळी येऊन ते वर्गातल्या गमती सांगायचे. बिभीषण नावाच्या पोराने आज काय केले, मराठीच्या सरांची नक्कल कुणी केली, सगळे. मी भाजी चिरत ऐकायचो आणि मनातून जळायचो. एकदा तर मी मुद्दाम मीठ जास्त टाकले. ते निमूटपणे जेवले आणि वर म्हणाले, "भाजी लई बेस झाली." असा त्यांचा स्वभाव, त्यावर रागही धड धरता येत नाही.

त्यांच्या सचोटीचा मात्र तपासाला फार त्रास झाला. पहिल्या चाचणीत ते वर्गात पहिले आले. हुशार पोराला पास करून देणारा कशाला विचारील? साहेबांनी एसटीडी बूथवर फोन करून त्यांना असे झापले की बूथवाल्यालाही ऐकू गेले असावे. त्या संध्याकाळी ते खोलीवर आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भागवत, नापास कसं व्हायचं बे? मला येत न्हाई."

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारले नव्हते, म्हणूनच जास्त लागले. मी सांगितले, "सवाल पुरा वाचायचा न्हाई. पहिलं डोस्क्यात येईल ते लिहायचं आन् त्यालाच धरून बसायचं." या विद्येत मी त्यांचा गुरू. सहामाहीला ते चार विषयांत गचकले. इतक्या सफाईने नापास होणारा माणूस मी पाहिला नाही.

मग पालकांना बोलावणे आले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "भाऊ असून तुमचं ध्यान न्हाई पोरावर. वाढतं वय हाय, कुणाच्या संगतीला लागलाय ते बघा." मी हात जोडून उभा. वैजनाथराव मान खाली घालून उभे. त्यांचे खांदे हलत होते. मुख्याध्यापकांना वाटले पोरगे रडते आहे. ते हसत होते, हे मला ठाऊक होते.

फाटकाबाहेर आलो तर एक गृहस्थ वाट बघत होते. गावात त्यांना सगळे गॅरंटी सर म्हणत. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे क्लास होते आणि पाटीवर पास होण्याची गॅरंटी लिहिलेली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पाव्हणं, कावून एवढं तोंड पाडलंय? पोरगं अकरावी आन् पुढं बोर्डाची बारावी, दोन्ही पास झालं समजा. आपण बसून बोलू."

तिथे मला आमची चूक कळली. त्या इंग्रजी मालिकेत जे घडायचे ते वर्गात घडायचे, पोरापोरांत घडायचे. म्हणून आम्हीही वर्गात माणूस बसवला. पण आमच्या भागात पोराच्या शिक्षणाचा व्यवहार पोराला विचारून कोण करतो? तो होतो बापाशी, भावाशी, चहाच्या टेबलावर. वैजनाथराव दोन वर्षे त्या बाकावर बसले असते तरी त्यांना कुणी काही विचारले नसते. पुढच्या सगळ्या बैठका माझ्याशी झाल्या. कोण आत उत्तरे पोचवतो, कोणते पर्यवेक्षक सामील आहेत, हे गॅरंटी सरांनी मला पालक समजून सांगितले. बारावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा साहेबांची माणसे शेजारच्या टेबलावर चहा पीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वैजनाथरावांचा फोटो आला, दप्तरासकट. विद्यार्थी बनून गेलेला पोलीस, असा मथळा. बातमी मला पाठ आहे. शेवटच्या ओळीत होते, एका जागरूक पालकाचेही सहकार्य लाभले. तो जागरूक पालक म्हणजे मी. बक्षीस समारंभात वैजनाथरावांनी साहेबांना सगळ्यांसमोर सांगितले, "साहेब, मी नुसता नापास झालो. काम भागवतनं केलं." साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि असा विनम्र शिपाई आपण पाहिला नाही असे भाषणात सांगितले. म्हणजे माझे श्रेय मला मिळाले नाहीच, वर त्यांच्या नम्रतेची नोंद झाली.

पण मला खरा हेवा वाटला तो फोटोचा नाही. गॅरंटी सरांच्या अटकेनंतर वर्गातली पोरे त्यांच्याशी बोलेनाशी झाली. महिनोन्महिने ज्याच्याबरोबर डबा खाल्ला तो पोलीस निघाला, हे पोरांना लागले होते. वैजनाथरावांना परत मुख्यालयात हजर व्हायचे होते. ते म्हणाले, "असं न सांगता जाणं बरं न्हाई." आम्ही दोघे शाळेत गेलो, ते पोलिसी गणवेशात. मी त्यांच्या मागून आत शिरू लागलो तर मुख्याध्यापकांनी सवयीने मला अडवले, "पालकांनी बाहेर थांबावं." मी बाहेर थांबलो. खिडकीतून दिसत होते. बिभीषण उभा राहून म्हणाला, "वैज्या, तू आमचा हायस का त्यांचा?"

वैजनाथरावांनी टोपी काढून सरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "कामाला आलतो. पण डबा खाल्ला ते खरं हाय." आणि बिभीषणाबरोबर ज्यावर बसायचे त्या तिसऱ्या बाकाजवळ जाऊन उभे राहिले. बसले नाहीत, उभेच राहिले. बिभीषणाने थोडा वेळ फळ्याकडे पाहिले. मग तो सरकला. त्या दिवशी वैजनाथराव शेवटची घंटा होईपर्यंत वर्गात बसले आणि मी व्हरांड्यात त्यांची पिशवी धरून उभा होतो. माझ्या आयुष्यात मला कुणाचा इतका मत्सर वाटलेला नाही.

मुख्यालयात परत आल्यावर आठवडाभरात ते माझ्या खोलीवर आले. बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून आणला होता, नाव माझे. "माझी अकरावी फुकट जाऊ द्यायची न्हाई," म्हणाले. बंदोबस्तावरून आल्यावर ते मला शिकवायचे आणि शिकवताना वर्गातल्या सरांच्या नकलाही करायचे, म्हणजे मला वर्गात बसल्यासारखे वाटावे. मी बारावी झालो. खात्याची परीक्षा दिली, फौजदार झालो. माझ्या खांद्यावरचे तारे त्यांच्यामुळे आले. असे उपकार करून त्यांनी मला सुखाने जळण्याचीही सोय ठेवली नाही, ही माझी त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

पुढे ते निरीक्षक झाले, जिल्ह्यातली अनेक ठाणी त्यांनी सांभाळली. मारामारीत धरून आणलेल्या पोरांवर त्यांनी हात उचललेला मी पाहिला नाही. ते आधी विचारायचे, "कितवीला हायस?" मग पालकांना बोलावून पालकांनाच तासभर समोर बसवायचे. गेवराईला एका पुढाऱ्याने आपल्या पुतण्याला सोडा म्हणून फोन केला, तर त्यांनी पुढाऱ्यालाच पालक म्हणून ठाण्यात बोलावले, आणि ते आले. पालकांशी बोलल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे ते कुठे शिकले ते मला माहीत आहे. त्यांनी ते प्रत्येक भाषणात माझे नाव घेऊन सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्यांच्याच नम्रतेसाठी टाळ्या वाजवल्या आहेत.

त्यांच्या साठीनिमित्तचा हा गौरव त्यांच्या त्याच वर्गाने योजला आहे. बिभीषणराव आज बियाण्यांचे दुकान चालवतात आणि समितीचे अध्यक्ष आहेत. माणूस पन्नाशी ओलांडलेला, पण भेटला की वैजनाथरावांच्या पाठीत धपाटा घालतो आणि वाकून माझ्या पाया पडतो. सगळा वर्ग मला काका म्हणतो. त्यांच्या मुलांच्या लग्नपत्रिका वैजनाथरावांना मित्र म्हणून येतात आणि मला आशीर्वादासाठी.

परवा वैजनाथरावांचा फोन आला. "भागवत, कार्यक्रम त्याच वर्गात हाय. समदे आपापल्या बाकावर बसणार. बिभीषणनं तुझी खुर्ची भिंतीकडं लावलती, पालक म्हणून. मी काढाय लावली."

"मग मी परत बाहेर उभा राहू काय?" मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता.

"तिसऱ्या बाकावर ये," ते म्हणाले. "मी सरकतो."

काल मी मिशी काढली. नोकरीभर राखलेली मिशी. बायको आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "या वयात कुठं भरती व्हाय निघालात?" मी म्हणालो, "अकरावीला." अजूनही मी मामाच दिसतो, साहेब बरोबर होते.

वैजनाथरावांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. ही इच्छा मी निव्वळ प्रेमापोटी करतो आहे असे कुणी समजू नये. अर्धा बाक मला फार उशिरा मिळाला आहे, आणि अख्खा बाक मला नको आहे.