सखुबाई बेघर झाली त्याचे पेढे

आमच्या वस्तीसमोर, गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, सात मजली बिल्डिंग उभी राहतेय. तिच्यात राहायला सगळ्यात आधी आली ती सखुबाई. पाया खोदला तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये होती, पहिला स्लॅब पडला तशी पहिल्या मजल्यावर गेली, आणि आता चौथ्यावर आहे. नवरा केरू तिथला वॉचमन. दोघं हरसूलकडची. नाशकात येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं होतील. तेवढ्या काळात इतक्या बिल्डिंगी राखल्या की रिक्षातून जाताना सखू मला बोट दाखवत असते, "मावशी, त्या तिसऱ्यावर माझी पोरगी रांगाया लागली. अन् त्या पलीकडच्या गच्चीत मला टायफाइड झाला व्हता."

तिचा संसार एका निळ्या पिंपात मावतो. पण मांडलाय कसा! चूल मास्टर बेडरूममध्ये, कारण तिथला धूर बरा निघतो. देव ओट्यावर. लुगडी हॉलमध्ये वाळत. एवढ्या मोठ्या घरात राहणारी दुसरी बाई माझ्या ओळखीत नाही. फक्त खिडक्यांना काचा लागल्या की सखूनं पिंप उचलायचं. घर राहण्याजोगं झालं की तिनं निघायचं.

आजवर एक बिल्डिंग संपली की दुसरी तयार असायची. यंदा बिल्डरनं सांगितलं, पुढचं काम धरलेलं नाही, दिवाळीपर्यंत तुमचं तुम्ही बघा. सखूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यातच घरकुलाच्या सर्वेला चैताली मॅडम वस्तीत आल्या. हातात मोबाइल, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. म्हणाल्या, नावं घ्यायचा आज शेवटचा दिवस. मी सखूला हाक मारली, तर तिच्या आधी केरूच धावत आला.

"कुठं राहता?" मॅडमनी विचारलं.

केरूनं छाती काढली. "चौथ्या मजल्यावर. तीन बेडरूम, दोन गॅलऱ्या. धरणाकडचा वारा येतो, मॅडम, पंखा नाय लागत."

मॅडमची मान वर गेली, तशीच खाली आली. "मग घरकुल कशाला हवंय?"

"आरं मेल्या," मागून सखू खेकसली, "तू फ्लॅट विकाया उभा राह्यला का?"

मॅडम पोरगी समजूतदार. तिनं नीट सांगितलं, की मोबाइलमध्ये माणसाला त्याच्या कच्च्या घरापुढं उभं करून फोटो घ्यावा लागतो. त्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही.

"कच्चंच हाय की," केरू म्हणाला, "प्लास्टर तरी कुठं झालंय?"

मी म्हटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. माझ्या शेळीचं खोपट आहे, वर ताडपत्री, बाजूला पत्रे. अगदी फोटोत शोभण्यासारखं. सखूला तिथं उभं केलं, डोक्यावर पदर घ्यायला लावला. मॅडमनी मोबाइल धरला आणि खाली घेतला.

"आजी, ही शेळी मला ओळखीची वाटतेय."

"शेळ्या सगळ्या सारख्याच असतात गं बाई."

"कान फाटका आहे हिचा. सकाळपासून तिसऱ्या फोटोत आहे. किती कुटुंबं राहतात हो या खोपटात?"

आता काय सांगू? वस्तीतल्या भाडेकरूंना घरमालक आपल्या दारात उभं राहून फोटो काढू देत नाहीत, म्हणून त्यांनी खोपट मागितलं. मी कुणाला नाही म्हणणार? शेळीची तर काहीच हरकत नव्हती.

मॅडम जायला निघाल्या तशी सखू तरातरा वर गेली. पिंप डोक्यावर घेऊन खाली आली, रस्त्याच्या कडेला आदळलं आणि त्याच्याजवळ बसली. "घ्या. आता झाले ना रस्त्यावर?"

"पण मावशी, राहता तर वर ना?" मॅडमनी तिला विचारलं.

मग मला राहवेना. म्हटलं, "पोरी, बँकेच्या दारात जो बंदूक घेऊन उभा असतो, त्याच्या नावावर बँकेतली रक्कम लिहितेस का? मग केरूच्या नावावर फ्लॅट कशाला लिहितेस?"

मॅडम बाजूला जाऊन साहेबांशी बराच वेळ फोनवर बोलली. आली ती घाम पुसत. "बेघर म्हणून नोंद घेते. पण फोटो लागणारच."

मग पिंपापुढं उभं करून दोघांचा फोटो काढला. केरूनं केस विंचरले. सखूला हसू आवरेना. मॅडम म्हणत होती, "अहो, जरा गंभीर उभ्या राहा, बेघरांचा फोटो आहे."

सरकार घरं बांधतं, नाही असं नाही. पण घर मागायला आधी पडकं का होईना घर लागतं, हा नियम ज्यानं केला त्याला थंडीत महिनाभर सखूच्या हॉलमध्ये झोपवा. भाडेकरूलाही घर नसतं, हे एकदा कागदावर येऊ द्या. आणि एवढ्या उंच बिल्डिंगींना परवानग्या देता, तर राखणाऱ्यासाठी एक खोली तिथंच मागून घ्यायला काय जातं?

संध्याकाळी सखूनं पावशेर पेढे आणले आणि दारोदार वाटले. शेजारची जुलेखा शिलाई मशीनवरून उठून आली. "मुबारक हो सखू! घर मिळालं?"

"नाय गं, ते कधी मिळंल ते मॅडमला पण ठाव नाय. बेघर झाले, त्याचे पेढे."

"हळू बोल," केरू कळवळला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की," सखू म्हणाली. "इतकी वर्षं कुणी म्हणतच नव्हतं."