काळ्याचा स्पष्ट फोटो

आमचा कुत्रा काळ्या. फोटोत तो कायम नुसता काळा डाग दिसायचा, नाहीतर हलून पुसट. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, तेव्हा हे मला जमायलाच हवं. आज त्याला दारातल्या कोवळ्या उन्हात बसवलं, मोबाइलच्या स्क्रीनवर त्याच्या डोळ्यांशी बोट टेकवलं आणि फोटो काढला. केस न् केस दिसत होता.

"आई, बघ कसला आलाय!"

"आज बरा गप बसला गं तुझा हिरो. एरवी मोबाइल चाटायला धावतो."

माझं हसू तिथंच थांबलं. फोटो माझ्यामुळे नव्हता आला. काळ्या हललाच नव्हता. सकाळची भाकरीही तशीच पडली होती. माणूस सगळं स्पष्ट दिसावं म्हणून धडपडतो, आणि दिसलं की वाटतं, पुसटच बरं होतं.

"आई, रिक्षा बोलाव. डॉक्टरांकडे नेऊ याला."

मी पुन्हा मोबाइल त्याच्यासमोर धरला. "ये रे काळ्या, चाट." तो उठला नाही, पण शेपूट एकदा हलवलं. तेवढ्यात मी फोटो काढला. त्या फोटोत तेवढं शेपूट पुसट आलं. रिक्षा येईपर्यंत मी त्या पुसट शेपटाकडेच बघत राहिले.