आज तुमी पाव्हण्या

"हात म्होरं! आता पालथं! ही पट्टी कसली गं? सोड."

साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या बोर्डिंगात रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात ही कवायत चाले. कवायत घेणारे गृहस्थ पलटणीतून पेन्शनीवर आलेले लांगरी, म्हणजे फौजेतले स्वयंपाकी. आम्ही सगळ्या त्यांना लांगरीमामा म्हणायचो. अंगात खाकी बंडी, हातात पळी, आणि मिशा अशा की दुधाच्या पातेल्यावर वाकताना त्या एका हाताने धरून ठेवाव्या लागत.

मुली पाळीपाळीने त्यांच्या हाताखाली काम करत. जिच्या बोटाला फोड, पुळी काही दिसेल तिला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. "पोरी, आज तू पाव्हणी. भायेर बसायचं नि वाढल्यालं खायाचं." आणि खरंच पाहुणीसारखं पहिलं ताट तिला. आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी मुलींना फोड यायला कितीसा वेळ लागणार? पंधरा दिवसांत निम्म्या बोर्डिंगच्या बोटांना चिंध्या. म्हणून मग "पट्टी सोड" सुरू झालं. आत धडधाकट बोट निघालं की त्या मुलीच्या वाट्याला दिवसभराचे कांदे.

मी तिथे दुय्यम मेट्रन होते. वय वीस, नर्सिंग सहा महिने शिकून अर्धवट सोडलेलं, आणि अक्कल एवढी की डोक्यात मावत नसल्यामुळे सारखी तोंडावाटे बाहेर पडे. मामांना मी जंतूंवर व्याख्यानं देत असे.

"मामा, उकळलं की जंतू मरतात. उगाच हात काय बघता?"

"मरत असत्याल," ते म्हणत. "पर लढाईत आमची अख्खी कंपनी आडवी झाल्याली म्या बघितलीया. दूध उकळल्यालंच हुतं. भांडंबी घासल्यालं. निस्ता एका लांगऱ्याचा अंगठा पिकल्याला."

मी हसले. आज ती वीस वर्षांची मुलगी समोर आली तर मी तिची वेणी ओढीन.

त्यातच माझा भाऊ लढाईवरून परतला तो सल्फाची पावडर घेऊन. जखमेवर टाकायची पांढरी पूड. फौजेत हिनं माणसं वाचवली म्हणे. झालं! खरचटलं, चावलं, पुळी आली, मी पावडर भुरभुरवायला हजर. बोर्डिंगच्या मांजराचा कानही सुटला नाही. दसऱ्याच्या आधी माझ्याच उजव्या हाताच्या बोटाला नखुर्डं झालं. ठणकलं की चिमूटभर पावडर, बरं वाटलं की बंद, पुन्हा ठणकलं की पुन्हा चिमूट.

नवमीला मामांना यमाईच्या दर्शनाला औंधला जायचं होतं. त्यांचं घर तिथलंच. निघण्याआधी त्यांनी दसऱ्याच्या बासुंदीचं दूध आटवून ठेवलं; पुढचं मी बघणार होते. मी जवळ गेले, तशी त्यांची नजर माझ्या पट्टीवर थांबली. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"बाईसाब, दुसऱ्या कुणाला सांगता का?"

"मामा, मी मेट्रन आहे. औषध लावलंय."

"बरं. साखर घाला, पळीनं ढवळा, नि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठिवा."

मी काय केलं? पट्टी भिजेल म्हणून ती सोडून ठेवली आणि कडेची साय बोटाने खरवडून खाल्ली. एकदा नव्हे, चारदा. आणि एवढी छान बासुंदी गार कशाला करायची, म्हणून पातेलं रात्रभर चुलीच्या वैलावर उबेला ठेवलं. सकाळी मामा यायच्या आत ती पुन्हा खळखळून उकळली. वास चांगला, चव चांगली. मामांनी आपल्या हाताने सगळ्यांना वाढली.

तीनच्या सुमाराला पहिली मुलगी ओकली. पाचपर्यंत बोर्डिंगातल्या बादल्या संपल्या. एका बादलीवर मीही होते. कुंडलची एक आठ वर्षांची पोर डोळे फिरवून पडली, तेव्हा मात्र मेट्रनबाईंना सगळे देव आठवले. दुसऱ्या सकाळी ती पोर उठून भाकरी मागू लागली. पण तोवर चेअरमनसाहेबांनी मामांना सामान बांधायला लावलं होतं. पातेल्याला कल्हई नव्हती, असा ठपका. मामांनी माझ्या बोटाकडे एकदा बघितलं आणि ट्रंक उचलली.

मी गप्प बसले. दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी काय काय खाल्लं तेही मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांपुढे बोट धरलं. ते हसले. "अहो, तुम्ही औषध लावलं होतं. वर बासुंदी उकळलीत. मग जंतू राहतील कुठून?" माझंच व्याख्यान मला परत मिळालं.

शेवटी मी गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांच्याकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "उकळून जंतू मेले असतील. पण रात्रभर उबेला बसून त्यांनी दुधात विष करून ठेवलं, ते उकळीला दाद देत नाही. आणि चिमूटचिमूट पावडर लावून या बाईंनी त्यांना मारलं नाही, निबर केलं. आता ते पावडरीलाही जुमानत नाहीत."

चेअरमनसाहेबांनी चिठ्ठी दिली: लांगरी निर्दोष, परत यावं. ती घेऊन मी मोटारीने औंध गाठलं.

मामा दारातच उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हात म्होरं." मी पट्टी माझी मीच सोडली. बोट अजून पिकलेलंच होतं.

"आज तुमी पाव्हण्या," म्हणून त्यांनी पाट मांडला. भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. चिठ्ठी ऐकली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

"मी न्हाई यायचा."

"अहो, पण चूक माझी होती!"

"व्हय, तुमचीच हुती. पर तुमची पट्टी बघितली तवा म्या गप बसलो. पोरींची सोडायला लावली, तुमची न्हाई. हुद्द्याला भ्यालो. चाळीस पोरींचं रांधनाऱ्यानं भिऊन चालत न्हाई, बाईसाब. जेवा. भाकरी निवाय लागलीया."

ते खरंच आले नाहीत. लग्न होऊन सांगलीला येईपर्यंत रोज सकाळी उंबऱ्यावर मी उभी राहिले. पहिले हात माझे, मग मुलींचे.

आता माझ्या घरात दोन सुना आहेत. बोट जरा कापलं की मी बाहेर खुर्ची टाकते. "आज मी पाहुणी." परवा तर बोटाला काहीच झालं नव्हतं, तरी चिंधी गुंडाळून बसले. धाकट्या सुनेने गरम पोळी वाढली, वर तूप. हात पालथा करा, असं कुणी म्हणालं नाही. जेवताना दोनतीनदा मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग चिंधी सोडली, आत गेले आणि कांदे चिरायला घेतले.