गादीची नाव

आमच्या काठाला नवी नाव आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. आता केस पिकले, तरी ती नाव आठवली की डोक्यात तिडीक जाते.

उमापूर ओलांडून नदीकडं गेलं की आमचं गाव. निजामाचं राज्य होतं, पण गावात राज्य पाटलांचं. पलीकडच्या काठावर देशमुखांचं. माझी थोरली बहीण, आमची ताई, त्या पलीकडच्या गावात दिली होती. मधी गोदावरी. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जावं, आणि पावसाळ्यात होडीशिवाय गत नाही.

जुनी होडी लहान होती. बाया उकिडव्या बसायच्या, बुडाशी पाणी साचायचं, शेजारी कुणाची तरी शेळी धोतर चघळायची. पण होडी जायची आणि यायची. एका वऱ्हाडात पाटलांचा नवा पटका भिजला आणि तिथून सगळं सुरू झालं. मोठी नाव पाहिजे. पाटील आणि देशमुख दोघं मिळून पैठणच्या अंगाला नावा बघायला गेले. बघायला म्हणजे काय, बसून बघायला! एका नावेत पाय पसरत नव्हते, एकीला टेकायला नव्हतं, एकीला सावली नव्हती. शेवटी सुताराकडून नवीनच बांधून घेतली. लांबरुंद, वर छत, मधे बैठक, बैठकीवर गादी, गादीला लोड. शिवाय शीड. पाटील चावडीवर सांगायचे, "वारं धरलं की बसल्या बसल्या नांदेडला जायाचं. पोटातलं पाणी हलायचं न्हाई." नांदेडला कोण जाणार होतं, त्यांनाच ठाऊक. जुनी होडी मोडली आणि तिच्या फळ्या त्या बैठकीला लावल्या.

आषाढात नाव काठाला लागली आणि तिथंच खुंटाला बांधून राहिली. कारण पहिला मान. नव्या नावेची पहिली खेप ज्याच्या काठावरून निघेल, नारळ त्याच्या हातचा, गादीवर पहिला तोच बसणार. पाटील म्हणाले, नाव माझ्या काठाला आली. देशमुखांनी निरोप धाडला, नावेची बाभूळ माझ्या रानातली. भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन होडीवरचा भोई हे निरोप पोहत इकडून तिकडं नेत होता. म्हणजे बघा, भांडण रोज नदी ओलांडत होतं. माणसं तेवढी अडकली होती.

ताईला सातवा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आणायची ती सातव्यात. एकदा आठवा लागला की गरोदर बाईनं नदी ओलांडायची नाही. माहेरी आणतात ते काय लाड करायला? कामातून सुटावी म्हणून आणतात. ताईच्या सासरी दळण तिच्यावर, पाणी तिच्यावर, गोठा तिच्यावर. सासू म्हणायची, माहेरी गेल्यावर निजायचंच हाय, तवर कर. आईला हे भोयानंच सांगितलं होतं.

शेवटी आई मला घेऊन पाटलांच्या ओसरीवर गेली.

"पाटील, आवस झाली की माझ्या लेकीला आठवा लागतोय. एक खेप सोडा. आमी गादीला हात लावणार न्हाई, खाली बसू."

पाटील पान लावत होते. म्हणाले, "वैनी, खाली बसा न्हाईतर वर बसा, खेप ती खेपच. पयली खेप बाईमाणसाची झाली तर देशमुख मला हसंल. नाव कुठं पळून चालली का?"

"नाव न्हाई पळत. दीस पळत्यात," आई म्हणाली.

माझे वडील घरातून हललेच नाहीत. पाटलाशी वाकडं घेऊन ऱ्हायचं कुठं, एवढंच म्हणाले. मला त्यांचाही राग आला, अजूनही येतो.

आवस झाली. आठवा लागला. आणि श्रावणात तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. त्यांना पलीकडं जायचं होतं. मान कुणाचा, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आले, चढले, लोडाला टेकले. आमचे पाटील मागं छत्री धरून उभे, आणि पलीकडं देशमुख हार घेऊन चिखलात उभे. झाला पहिला मान! दोघांपैकी कुणाचंही नाक कापलं गेलं नाही. मेल्यांनी महिनाभर माझ्या बहिणीची वाट अडवली ती ह्याच्यासाठी.

त्या दिवसापासून खेपा सुरू झाल्या. आई लगेच पुढच्या खेपेला गेली, तर विहीण उंबऱ्यातच म्हणाली, आठव्यात पाणी न्हाई, नववा लागला की आमीच आणून घालू. आई हात हलवत परत आली.

नववा लागलाच नाही. पाण्याची घागर उतरवता उतरवता ताई खाली बसली आणि त्याच दिवशी बाळंत झाली. मुलगा होता. रडला नाही.

तिला आणायला वडील आणि मी गेलो. आता आणायला कुणाची हरकत नव्हती. परतीच्या खेपेला पाटीलही होते. देशमुखांकडं जेवून आले होते, दोघांचं पुन्हा गूळपीठ जमलं होतं. ते गादीवर ऐसपैस बसले होते. ताई चढली आणि खाली, फळीवर बसली. लुगड्याचा पदर तिनं पोटाशी गच्च धरला होता.

पाटील जरा सरकले. म्हणाले, "वर बस की बाई. जागा लई हाय."

ताईनं मान वर केली. "मी एकटीच हाय, पाटील," ती म्हणाली. "मला किती जागा लागती?"

भोयानं नाव ढकलली. मी ताईजवळ फळीवर बसले.