थोरली आणि चार तलंगा

इस्त्रीवाल्या काकूंच्या परसात सहा कोंबड्या होत्या आणि त्या सहांत थोरलीचं राज्य होतं. आधी थोरली खाणार, मग बाकीच्या. अशा घरात काकूंनी चार तलंगा आणल्या. पिल्लूपण सरलेलं, अंडी घालायला अजून अवकाश.

"एकदम सोडू नकोस, टोचून जीव घेतील," असं बहिणीने फोनवर बजावलं होतं. म्हणून काकूंनी परसाच्या मधोमध जाळी लावली. तीन आठवडे दोन्हीकडच्यांनी एकमेकींना नुसतं न्याहाळलं. थोरली तर रोज जाळीपाशी यायची, मान वाकडी करून नव्या पाहुण्यांना नखशिखांत बघायची आणि नाक मुरडल्यासारखी निघून जायची.

रविवारी सकाळी काकूंनी ठरवलं, आज सोडायच्याच. थोरलीचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून त्यांनी कोबीचा गड्डा टांगला, पदरात चार मुठी सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. काकांचा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. ते पायरीवर उभे राहून हातवारे करू लागले.

"येऊ दे, येऊ दे... डावी मार, डावी! बस्स!"

"अहो, कोंबड्या आहेत त्या!"

जाळी उघडली मात्र, थोरली बाणासारखी सुटली. कोबीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तलंगांना पळता भुई थोडी झाली. एक काकांच्या तंगड्यांतून पसार झाली, दुसरी त्यांच्या खांद्यावर जाऊन बसली आणि उरलेल्या दोघी थेट इस्त्री केलेल्या कपड्यांच्या टोपलीत.

"अगं बाई, डॉक्टरांचे शर्ट!" काकू धावल्या, घसरल्या आणि कोंबड्या लोळायच्या त्या मातीच्या खड्ड्यात बदकन बसल्या. बिया चौफेर उधळल्या.

"लागलं का गं?" काकांनी विचारलं. खांद्यावरची तलंग त्यांच्या कानात वाकून बघत होती. ते पाहून काकूंना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तोवर दहाच्या दहा जणी बियांवर तुटून पडल्या होत्या. थोरलीने चौघींना एकेक टोच दिली, जरा मागे सरकवलं आणि पुन्हा खाण्यात गढून गेली. सरकलेल्या चौघी मुकाट्याने काकूंच्या मांडीवर चढल्या आणि पदरातल्या बिया टिपू लागल्या. आता काकूंना उठायचीही सोय उरली नाही.

"अहो," त्या हसत-हसत म्हणाल्या, "माझा चहा इथेच आणा. आणि ते शर्ट भिजत घाला बघू."