आईचं चावीचं घड्याळ

माझी आई औशाला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या मनगटावर एक परदेशी घड्याळ असायचं. सोनेरी, नाजूक, रोज चावी द्यावी लागणारं. सौदीला कामाला असलेल्या मामानं तिला ते लग्नात दिलं होतं. तसली महागडी घड्याळं तेव्हा लातूरच्या डॉक्टर-वकिलांच्या घरातच दिसायची. नाडी बघताना सेकंदकाट्यावर खिळलेली तिची नजर मला अजून आठवते.

किल्लारीच्या भूकंपानंतर वॉर्ड जखमींनी भरून गेला. त्यात पाय मोडलेली एक लहान मुलगी होती. तिच्या घरचं कुणीच उरलं नव्हतं. ती बोलायचीच नाही. आई नाडी बघायला गेली, की ती आईचं मनगट ओढून कानाशी धरायची आणि टिकटिक ऐकत डोळे मिटायची. तिची मावशी तिला न्यायला आली, त्या दिवशी आईनं घड्याळ काढून मुलीच्या हातात बांधलं. ते पार कोपरापर्यंत घसरलं.

मामाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं केलंस. तसंच दुसरं घेऊ."

ते राहूनच गेलं. पुढं मी अकरावीला लातूरला आले. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. माझं सामान खोलीवर टाकून आम्ही दोघी गंजगोलाईतल्या घड्याळाच्या दुकानात गेलो. आईनं पहिल्यासारखंच घड्याळ मागितलं.

"ताई, ते मॉडेल कंपनीनं बंद केलं," दुकानदार म्हणाला.

"बंद? लई खपायचं की हो ते!"

"म्हणूनच की. ज्याच्या त्याच्या हातात दिसाय लागलं, मग मोठ्या लोकाला ते नको वाटतंय. त्यांच्यासाठी नवं काढायचं. अन् जुनं मिळंना झालं की त्याचंबी नाव वाढतंय."

"लोकाला आवडतंय म्हणून बंद करायचं, ही कुठली तऱ्हा?"

त्यानं नवं मॉडेल पुढं ठेवलं. पातळ, सेलवर चालणारं, फार देखणं. आईनं ते उजेडात धरलं.

"ह्याला सेकंदकाटा न्हाई?"

"लेडीजमधी आता ठेवत न्हाईत. फॅशन हाय तशी."

"मग पेशंटची नाडी काय फॅशनवर मोजू?"

दुकानदार खो खो हसला आणि त्यानं एक साधं जेंट्स घड्याळ काढून दिलं. आईच्या बारीक मनगटावर ते ताटलीएवढं दिसत होतं. मला हसू आवरेना, मग तीही हसत सुटली.

स्टँडवर औशाची गाडी लागलीच होती. ती सुटेपर्यंत आई खिडकीतून सांगत राहिली, "येळेवर जेव. पोरींत मिसळ." गाडी वळली, आणि मी पहिल्यांदाच एकटी खोलीकडं चालत निघाले.